फोर-आर्म पेगची एसजी-अमाईन जोडी: जेल उत्तम, बाटली बेभरवशाची

पाण्यात कालांतराने विरघळणारे, तरी नेमक्या बांधणीचे जेल करायला ही दोन पावडरींची जोडी आम्हाला सर्वांत सरस वाटते. पेग म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, इथे चार हातांचा रेणू. एका पेगच्या चारही टोकांना सक्सिनिमिडिल ग्लुटारेट म्हणजे एसजी, दुसऱ्याच्या टोकांना अमाईन. दोन्ही १० किलोडाल्टनचे. एसजी जुळते ते अमाईनशी, त्यामुळे रेणूचे स्वतःचेच दोन हात एकमेकांत अडकत नाहीत. पेग डायअ‍ॅक्रिलेट प्रकाशाने घट्ट केले की एका साखळीवर किती क्रॉसलिंक, म्हणजे साखळ्यांमधले जोड, पडतील ते हातात राहत नाही. २००८ मध्ये टोक्योच्या संशोधकांनी मांडलेल्या टेट्रा-पेग जेलचेच हे तत्त्व.

विरघळण्याची सोय ग्लुटारेटच्या एस्टरमध्ये आहे; पाण्याने तो हळूहळू तुटतो. चुकून एससीएम (सक्सिनिमिडिल कार्बॉक्सिमिथिल, ज्यात हा ग्लुटारेट एस्टर नसतो) प्रकार मागवला तर जेल सुरेख होते, पण विरघळायचे नाव घेत नाही.

दोन्ही पावडरी मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम घ्या, म्हणजे टोके ४० मिलिमोलर होतात. अमाईन पीएच ७.४ च्या १०० मिलिमोलर फॉस्फेटमध्ये, एसजी पीएच ५.८ च्या २० मिलिमोलर सायट्रेट-फॉस्फेटमध्ये. एसजी सर्वांत शेवटी विरघळवा, समान आकारमानात लगेच मिसळा. घाईने पीएच वाढवला तर मिसळण्याआधीच गुठळ्या धरतात. व्होर्टेक्स मिक्सरवर घुसळू नका, फेस जेलमध्ये अडकून राहतो.

लेबलावर अमाईन ‘हायड्रोक्लोराइड’ आहे का ते आधी पाहा. असेल तर त्याचे आम्ल बफर खाऊन टाकते आणि जेल तासन्‌तास पातळच राहते. अशा वेळी अमाईनकडचे फॉस्फेट २०० मिलिमोलर करा आणि पीएच पावडर विरघळल्यावर पुन्हा मोजा.

खरी तक्रार विक्रेत्याच्या प्रमाणपत्राबद्दल. ‘९५ टक्क्यांहून अधिक’ एवढेच त्यावर छापलेले असते. ९५ टक्के टोके जिवंत असली तर चारही हात शाबूत असलेले रेणू ८१ टक्के. तीच ८० टक्क्यांवर आली तर फक्त ४१ टक्के. वजन वाढवून टोकांचे गुणोत्तर जुळवता येते, मेलेले हात परत येत नाहीत. आणि बाटली उलटी केल्यावर जेल घसरले नाही म्हणून जाळे पूर्ण झाले असेही नाही: चार-चार हातांच्या जोडीत सैद्धांतिकदृष्ट्या एकतृतीयांश बंध जुळताच जेल धरते. म्हणून प्रत्येक लॉटला एसजीची सक्रियता २६० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाने तपासा, अल्कलीने एनएचएस (एसजीच्या टोकाचा सुटणारा गट) सोडवण्याआधी आणि नंतर. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, रिओमीटरवर मापांक, म्हणजे जेलचा कडकपणा, स्थिर होईपर्यंत थांबा.

एक ग्रॅमची बाटली हा या मालाचा सर्वांत मोठा दोष. उणे २० अंशांतून काढून थंडच उघडली की आत दव धरते, पांढरी भुसभुशीत पावडर स्पॅच्युलाला चिकटू लागते आणि एसजी तिथेच मरू लागते. बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढा आणि पहिल्याच दिवशी नायट्रोजनखाली १०० मिलिग्रॅमच्या कुप्या भरा. विक्रेत्यानेच तशा कुप्या दिल्या तर आम्ही जास्त पैसे मोजू.

विघटन पीएच ७.४, ३७ अंशांवर बघताना नुसते वजन घेऊ नका. जेल आधी फुगते, वजन वाढते, मापांक मात्र उतरत जातो. पुरेसे बंध तुटले की ते एकदम कोसळते. तो टप्पा जवळ आला की दिवसातून दोनदा मोजा, आणि बफर नियमित बदला: ग्लुटारिक टोकांच्या आम्लाने पीएच घसरला तर विघटन मंदावते.