जुन्या डेस्कटॉपसाठी वापरलेला आय५-३४७०

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. पीक विम्याच्या दिवसांत कास्तकारांची रांग दाराबाहेर जाते आणि नेमका तेव्हाच माझ्या डेस्कटॉपचा जुना प्रोसेसर, पेन्टियम जी२०३०, बसून जायचा. ब्राउझर, स्कॅनर आणि पीडीएफ एकत्र उघडलं की माऊसही हलेना. एसएसडी (वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम आधीच टाकली होती, म्हणजे अडचण प्रोसेसरचीच.

मदरबोर्ड एच६१, आणि त्यावर प्रोसेसर बसतो ती जागा, म्हणजे सॉकेट, एलजीए ११५५. यवतमाळहून वापरलेला इंटेल आय५-३४७० दीड हजाराच्या आत मिळाला. २ कोअरच्या (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांच्या) जागी ४ आले. आता एकीकडे सातबारा डाउनलोड होतो, दुसरीकडे फॉर्म भरला जातो. म्हाताऱ्या माणसाला ताटकळत बसवावं लागत नाही, याचं मला फार समाधान आहे.

आय५-३४७० तिसऱ्या पिढीचा आणि माझी जुनी चिपही तिसऱ्याच पिढीची, त्यामुळे बायोसला (मदरबोर्डमधल्या, संगणक सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरला) हात लावावा लागला नाही. तुमची दुसऱ्या पिढीची असेल तर जुनी चिप काढण्याआधीच बायोस अपडेट करा, नाही तर स्क्रीनच येणार नाही.

उष्णतेकडे मात्र नीट बघा. पेन्टियम ५५ वॉटचा, हा ७७ चा, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट पूर्ण पुसून नवी लावा. कापूस घरात असेल तर पंख्यात तंतू अडकतात, तेही काढा.

विंडोज ११ साठी घेत असाल तर घेऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर आहेत.