समुद्रावर मासेमारीला निघताना रॉड कोणता न्यावा: टेलिस्कोपिक, चार तुकड्यांचा की दोन तुकड्यांचा?

रॉड बघायला लागण्याआधी मोजपट्टी काढा आणि आपल्या बॅगेची आतली लांबी मोजा. अर्धा निर्णय तिथेच होतो. सात फुटी रॉड म्हणजे २१३ सेंमी. दोन तुकड्यांत तो ११० सेंमीच्या आसपास येतो, तीन तुकड्यांत ७५ आणि चार तुकड्यांत ५७-५८. चार तुकड्यांचा रॉड कपड्यांच्या घड्यांमध्ये सहज लपतो. तीन तुकड्यांचा मोठ्या बॅगेत तिरका ठेवावा लागतो. दोन तुकड्यांच्या रॉडला मात्र वेगळी नळी हवीच.

टेलिस्कोपिक रॉडचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता. एका झटक्यात उघडतो, मिटला की हातभरसुद्धा उरत नाही. पण एकात एक सरकणाऱ्या नळ्यांमध्ये वाळूचा एक कण शिरला तरी कार्बन फायबरच्या भिंतीवर ओरखडे उठतात, आणि मीठ सुकलं की तुकडे असे घट्ट बसतात की दोघांनी ओढूनही निघत नाहीत. गाइड, म्हणजे दोर ज्यांतून जाते त्या कड्या, बहुतेक नळ्यांच्या टोकांनाच बसवलेले असतात. त्यामुळे वजन पडल्यावर वाक सगळीकडे सारखा येत नाही. धक्क्यावर बसून आमिष लावायचं आणि किलो-दोन किलोचे मासे काढायचे, एवढंच असेल तर हा चालतो. रोज संध्याकाळी तळाचं बूच काढून, सगळे तुकडे गोड्या पाण्याने धुऊन, वाळवूनच मिटायचा, ही अट.

टेलिस्कोपिक म्हणजे खेळणं, असं मात्र म्हणता येणार नाही. जपानमध्ये खडकांवरून मासेमारी करणारे जे ‘इसो’ रॉड वापरतात, ते टेलिस्कोपिकच असतात आणि उत्तम असतात. फक्त ते पाच मीटरच्या आसपासचे असल्याने मिटूनही मीटरभर लांब राहतात, म्हणजे प्रवासाचा मूळ फायदाच गेला.

माझा कौल चार तुकड्यांच्या रॉडला. ‘जितके जोड तितका कच्चा’ हा समज जुना आहे. जोडाजवळ भिंत दुहेरी असते, तिथे रॉड थोडा ताठ आणि थोडा जड होतो एवढंच. चांगल्या बनावटीत हा फरक हाताला जेमतेम जाणवतो. असे रॉड मोडतात ते बहुतेकदा जोड सैल राहिल्यामुळे. वीस-पंचवीस वेळा लूर (नकली आमिष) फेकली की जोड हळूहळू सुटतो, वरचा तुकडा अर्धवट बसलेला असतानाच मासा ओढतो आणि तोंडाशी भिंत चिरते. म्हणून दर पंधरा-वीस फेकींनंतर प्रत्येक जोड हाताने चाचपायचा. जोडात आत शिरणाऱ्या टोकावर मेणबत्ती हलकेच घासली की पकड चांगली बसते, आणि परतताना ओढाताणही कमी होते.

दोन तुकड्यांचा किंवा मूठ वेगळी होणारा रॉड कधी घ्यावा? ट्रेव्हॅली या ताकदवान समुद्री माशाच्या मोठ्या नगासाठी पॉपर (पाण्यावर तरंगत आवाज करणारी लूर) फेकायला जायचं असेल तर. पीई ८ची दोर (पीई हा विणलेल्या, म्हणजे ब्रेडेड, दोरीच्या जाडीचा आकडा), शंभर-दीडशे ग्रॅमची लूर आणि दहा किलो ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा रीळ दोर सोडू लागतं तो ताण) हे गणित असेल तिथे मी बॅगेच्या सोयीसाठी तडजोड करणार नाही. मात्र सुटी मूठ असलेल्या रॉडचा मुख्य तुकडा अनेकदा दीड मीटरहून लांब असतो. बऱ्याच विमान कंपन्या सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंमी ही मर्यादा धरतात, नळी त्यात बसत नाही. तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या, काउंटरवर वाद घालून काही मिळत नाही.

एकच रॉड न्यायचा असेल तर सात फुटी, चार तुकड्यांचा स्पिनिंग (रीळ रॉडच्या खाली टांगलेलं आणि त्याची फिरकी स्थिर राहणारी), पीई २-३ आणि २० ते ६० ग्रॅमच्या लूरसाठीचा. त्यावर ४००० किंवा ५००० आकाराचं रीळ. बेटकास्टिंग (रीळ रॉडच्या वर आणि फेकताना त्याची फिरकी फिरणारी) हातात मुरलेलं असेल तर गोष्ट वेगळी, पण समोरून वारा आला की स्पिनिंगवर दोरीचा गुंता कमी होतो.

दुकानात लोक कार्बनचे आकडे वाचत बसतात. मी आधी गाइड बघतो. आतली रिंग सिलिकॉन कार्बाइडसारखी टणक हवी, नाहीतर ब्रेडेड दोर तिला खाच पाडते आणि मग तीच खाच दोर कापते. फ्रेम टायटॅनियमची असेल तर गंजाची चिंता नाही. स्टीलची असेल तर धुण्याचा आळस परवडत नाही.

आणि रॉड कोणताही असो, टोकाचा गाइड निघाला की दिवस संपतो. दोन-तीन मापांचे सुटे टोकाचे गाइड, गरम करून लावायच्या गोंदाची एक कांडी आणि लायटर सोबत हवा. गोंद आणि गाइड बॅगेत आधीच टाकून ठेवा. लायटरला विमानात नियम आहेत, तो पोहोचल्यावर घेतलेला बरा.