बाळंतिणींचा पाठपुरावा: फोनवरून की घरी जाऊन?

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी डिस्चार्जनंतर सहा आठवड्यांनी बाळंतिणींकडून माहिती घ्यायची असेल, तर संगणकावर फॉर्म उघडून फोनवर मुलाखत घ्यावी (याला ‘कॅटी’ म्हणतात) की कागदी प्रश्नावली घेऊन घरी जावं? माझा कौल फोनला, आणि त्याचं कारण माहेर. केसपेपरवर पत्ता सासरचा आणि बाई बाळासह दुसऱ्या तालुक्यात! घरभेटीत गाठ पडते ती सासूशी.

पण केसपेपरवरचा नंबरही बहुधा नवऱ्याचा असतो. म्हणून संमतिपत्रावर सही घेतानाच तिचा आणि माहेरचा नंबर घ्या, शिवाय तुमचा नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. अनोळखी नंबर हल्ली कोणी उचलत नाही.

‘अंगावर पाजता का?’ याला ‘नाही’ आलं की स्क्रीनवर त्यापुढचे गैरलागू प्रश्न आपोआप गळतात. कागदावर असा प्रश्न चुकून विचारला गेला तर ते कळतं डेटा एंट्रीच्या वेळी, तेव्हा विचारायला बाई समोर नसते. लॅपटॉप, हेडफोन आणि असे फॉर्म बनवण्याचं कोबोटूलबॉक्स किंवा रेडकॅप हे सॉफ्टवेअर एवढ्यात एकटीचं काम भागतं. टाके, बाळाचं वजन, पाजण्याची पद्धत बघायची असेल तर मात्र जावंच लागेल.

सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे नैराश्याची चाचणी. 1987 ची एडिनबर्ग प्रश्नावली स्वतः वाचून भरण्यासाठी केलेली. 10 प्रश्न, शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. फोन स्पीकरवर आणि सासू शेजारी, तर उत्तर ‘कधीच नाही’ हेच येणार. आधी विचारा, ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?’ नसेल तर वेळ ठरवून पुन्हा फोन करा. आणि उत्तर ‘हो’च्या बाजूला गेलं तर कोणत्या डॉक्टरांना कळवायचं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कधी द्यायचा, हे एथिक्स कमिटीकडे जाण्याआधीच लिहून ठेवा.

ओळखीच्या बाळंतिणींऐवजी अख्ख्या तालुक्यातलं प्रमाण काढायचं असेल, तर माझा कौल बदलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 (2019-21) नुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. ग्रामीण भागात निम्म्याहून कमी. फोनवर विसंबलात तर नेमक्या गरीब घरच्या बायका सुटतील. त्या पाहणीचे कर्मचारीही घरोघरीच गेले, फक्त कागदाऐवजी संगणक घेऊन. कोबोचा फॉर्म मोबाइलवर नेटवर्क नसतानाही भरता येतो, त्यामुळे तुम्हालाही तसंच जाता येईल.