डब्ल्यूपॅथच्या मार्गदर्शिकेची आठवी आवृत्ती ओपीडीत किती कामाची?

पारलिंगी व्यक्तींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी डब्ल्यूपॅथ (पारलिंगी आरोग्यावर काम करणारी जागतिक व्यावसायिक संघटना) या संस्थेने 2022 मध्ये ‘स्टँडर्ड्स ऑफ केअर’ची आठवी आवृत्ती काढली. 18 प्रकरणे, अडीचशेहून जास्त पाने, डाउनलोड मोफत. आपल्या 2019 च्या पारलिंगी हक्क कायद्याचे कलम 15 सरकारला लिंगबदल शस्त्रक्रियांची पुस्तिका डब्ल्यूपॅथला धरूनच काढायला सांगते, त्यामुळे परदेशातले म्हणून हे बाजूला सारता येत नाही.

पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी परिशिष्टातले हार्मोनचे तक्ते काढा. एस्ट्राडायॉलची (स्त्री-हार्मोन एस्ट्रोजेनची) गोळी दिवसाला 2 ते 6 मिलिग्रॅम, टेस्टोस्टेरॉनचे (पुरुष-हार्मोनचे) इंजेक्शन आठवड्याला 50 ते 100 मिलिग्रॅम, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी. टेस्टोस्टेरॉन रोखणारे सायप्रोटेरोन दिवसाला फक्त 10 मिलिग्रॅम. सवयीने 50 लिहिणाऱ्यांनी इथे थांबावे, कारण जास्त डोस वर्षानुवर्षे चालला की मेनिन्जिओमाचा (मेंदूच्या आवरणातल्या गाठीचा) धोका वाढतो.

गर्भनिरोधक गोळ्यांमधले इथिनाइल एस्ट्राडायॉल वापरू नये, हेही त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडे ही सूचना सोन्याच्या मोलाची, कारण मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून परस्पर घेणारे पुष्कळ. त्याने रक्ताच्या गुठळ्या होतात. “काही औषध चालू आहे का?” एवढ्यावर खरे उत्तर मिळत नाही, गोळ्यांचे पाकीटच आणायला सांगा.

शस्त्रक्रियेसाठी आता दोनऐवजी एकच शिफारसपत्र पुरते, हा बदल उत्तम; रुग्णाचे हेलपाटे वाचतात. तपासण्या केसपेपरवरच्या लिंगाप्रमाणे न ठरवता शरीरात असलेल्या अवयवांप्रमाणे ठरवायच्या, हेही बरोबर. ‘पुरुष’ अशी नोंद असली तरी गर्भाशयमुख असेल तर त्याची कर्करोग तपासणी हवीच. टेस्टोस्टेरॉनवर पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात, हे पहिल्याच भेटीत सांगा. हिमॅटोक्रिटचा (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाचा) रिपोर्टही पुरुषांच्या मर्यादेशी ताडून बघा, नाहीतर लॅबचा लाल शेरा बघून उगाच इंजेक्शन बंद केले जाते.

मार्गदर्शिकेतल्या ‘युनक’ (वृषणे काढलेल्या किंवा निकामी केलेल्या व्यक्ती) प्रकरणावरून मात्र हिजडा समाज समजून घ्यायला जाऊ नका. गुरू-चेल्यांचे घर, देवीला वाहिलेल्या जोगत्यांची परंपरा हे सगळे समाजातल्या माणसांकडूनच शिकावे लागते. निर्वाण झालेली (हिजडा परंपरेप्रमाणे लिंग व वृषणे काढलेली) रुग्ण आली तर तिला सायप्रोटेरोनची गरज उरलेली नसते. एस्ट्रोजेनही चालू नसेल तर हाडे ठिसूळ होत जातात. तिची हाडांची घनता तपासा.