पुण्यातल्या एका होस्टिंगचं डीएनएस पॅनेल: एसआरव्ही रेकॉर्डपुरतं परीक्षण

ऑफिस कोथरूडला, कारखाना भोसरीत आणि दोन्हीकडचे आयपी फोन एकाच डोमेनवर. अशा मांडणीत फोनला नुसतं डोमेनचं नाव द्यायचं. कुठल्या सर्व्हरच्या कुठल्या पोर्टवर (म्हणजे कुठल्या क्रमांकाच्या दारावर) जायचं ते डीएनएसमधलं, म्हणजे इंटरनेटच्या नावापत्त्यांच्या वहीतलं, एसआरव्ही रेकॉर्ड सांगतं. इथे तपासलेलं पॅनेल शेअर्ड होस्टिंगच्या प्लॅनसोबत फुकट मिळतं. कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण यातल्या बऱ्याच खोड्या इतर पॅनेलांतही सापडतील. थोडक्यात मत असं: रेकॉर्ड नीट चालतं, पण सेव्ह केल्यावर येणाऱ्या बरोबरच्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवू नये.

आधी एक गोष्ट बघा. डोमेन एकीकडे घेतलेलं आणि होस्टिंग दुसरीकडे असेल, तर नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर, कोणाचे लावले आहेत? ते रजिस्ट्रारचेच, म्हणजे डोमेन विकणाऱ्याचेच, राहिले असतील तर या पॅनेलमध्ये काहीही भरा, बाहेरच्या जगाला ते दिसणार नाही. पॅनेल याबद्दल चकार शब्द काढत नाही.

फॉर्ममध्ये सर्व्हिस, प्रोटोकॉल, प्रायॉरिटी, पोर्ट, वेट, टार्गेट (सर्व्हरचं नाव) आणि टीटीएल (उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं) असे रकाने आहेत. सर्व्हिसच्या नावाआधीचा अंडरस्कोर पॅनेल स्वतः लावतं, ही सोय चांगली. रकान्यांचा क्रम मात्र घात करतो. एसआरव्हीचे नियम ठरवणाऱ्या २००० सालच्या आरएफसी २७८२ या दस्तऐवजात क्रम प्रायॉरिटी, वेट, पोर्ट, टार्गेट असा आहे आणि फोन सेवा देणारे त्याच क्रमाने ओळ पाठवतात: १०, ६०, ५०६०, मग सर्व्हरचं नाव. ती ओळ बघून डावीकडून उजवीकडे भरत गेलं की पोर्ट ६० होतं आणि वेट ५०६०. दोन्ही आकडे ० ते ६५५३५ मध्ये बसतात, त्यामुळे पॅनेल तक्रार तरी कशी करणार? फोन मात्र रजिस्टर होत नाही.

प्रायॉरिटी जितकी लहान तितका सर्व्हर आधी. वेट फक्त समान प्रायॉरिटी असलेल्यांत वाटणी करतं: १० प्रायॉरिटीचे दोन सर्व्हर ६० आणि ४० वेटने ठेवले तर साधारण त्याच प्रमाणात फोन वाटले जातात. राखीव सर्व्हरला प्रायॉरिटी २० द्या. त्याचं वेट वाढवून तो पुढे येत नाही.

टार्गेटचा रकाना सगळ्यात खोडकर. नावाच्या शेवटी डॉट दिला नाही तर पॅनेल गुपचूप डोमेन जोडतं आणि ‘सिप१.आपलीकंपनी.इन’चं ‘सिप१.आपलीकंपनी.इन.आपलीकंपनी.इन’ होऊन बसतं. शेवटचा डॉट टाकाच. टार्गेटला सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव) दिला तर पॅनेल नाकारतं, आणि ते बरोबरच आहे: तिथे ए किंवा क्वाड-ए रेकॉर्ड (नावासमोर आयपी पत्ता देणारी नोंद) असलेलंच नाव लागतं, थेट आयपी चालत नाही. टार्गेट म्हणून नुसता डॉट मात्र स्वीकारतं. त्याचा अर्थ पुणेरी पाटीसारखा स्वच्छ: ही सेवा येथे मिळत नाही, चौकशी करू नये.

मेलसाठीही हाच फॉर्म वापरता येतो. आउटलुकला मेलची सेटिंग आपोआप मिळावीत म्हणून ‘_ऑटोडिस्कव्हर._टीसीपी’, पोर्ट ४४३. पण या होस्टिंगच्या झोनमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या यादीत) वाइल्डकार्ड, म्हणजे न भरलेल्या कुठल्याही नावाला उत्तर देणारं, ए रेकॉर्ड आधीपासून घातलेलं असतं. आउटलुक एसआरव्हीकडे वळण्याआधी ‘ऑटोडिस्कव्हर’ नावाचा होस्ट शोधतं, वाइल्डकार्डमुळे वेबसाइटचाच सर्व्हर उत्तर देतो आणि समोर सर्टिफिकेटचा इशारा येतो. एसआरव्ही अचूक असूनही उपयोग शून्य. वाइल्डकार्डची गरज नसेल तर काढून टाका.

टीटीएल १४४०० सेकंद, म्हणजे चार तास, धरलेलं असतं. बदल करायच्या आदल्या दिवशी ते ३०० वर आणा. सर्वात मोठी उणीव एसओएमध्ये, म्हणजे डोमेनच्या मूळ नोंदीत, आहे. त्यातला शेवटचा आकडा ८६४०० आहे आणि तो बदलायची सोय नाही. रेकॉर्ड टाकण्याआधीच कोणी ते नाव विचारलं, तर ‘असं नाव नाही’ हे उत्तर रिझॉल्व्हर (आपल्या वतीने डीएनएसला विचारणारा सर्व्हर) एक दिवसापर्यंत धरून ठेवू शकतो. म्हणून आधी रेकॉर्ड टाका, मग तपासा. उलट केलं तर सपोर्टवाले ‘प्रोपगेशनला २४ तास लागतात’, म्हणजे बदल सगळीकडे पोचायला एक दिवस जातो, असं सांगतात, आणि या एका बाबतीत ते खरंही ठरतं.

तपासणी थेट होस्टिंगच्या नेमसर्व्हरकडे करा: ‘डिग’ या डीएनएस तपासायच्या कमांडला ‘@’ लावून नेमसर्व्हरचं नाव द्या, प्रकार एसआरव्ही आणि पूर्ण नाव ‘_सिप._यूडीपी.आपलीकंपनी.इन’. विंडोजवर ‘एनएसलुकअप’ आहेच. उत्तरात तीन आकडे आणि एक नाव येतं. तिसरा आकडा ५०६० हवा, आणि नावात डोमेन एकदाच.

एवढं बरोबर असूनही फोन जुन्याच सर्व्हरला चिकटून राहिला तर पॅनेलला दोष देऊ नका. फोनच्या अकाउंट सेटिंगमध्ये पोर्ट हाताने भरलेलं असलं की सिपच्या, म्हणजे इंटरनेट फोनच्या प्रोटोकॉलच्या, नियमाप्रमाणे फोन एसआरव्ही विचारतच नाही, सरळ ए रेकॉर्डकडे जातो. तो रकाना रिकामा करा, डीएनएस एसआरव्हीचा पर्याय चालू करा आणि फोन एकदा रीस्टार्ट करा.