'मास्क्स': पहिलीच कादंबरी, कच्ची आहे पण वाचाच

मर्सी थॉम्पसनची सिरीज मी २००६ च्या 'मून कॉल्ड'पासून वाचतेय, गॅरेज चालवणारी मेकॅनिक बाई आणि मनात आलं की कोयोटी (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी) होते, मला फार आवडते ती. त्यामुळे या सिरीजच्या लेखिकेने, पॅट्रिशिया ब्रिग्जने, सुरुवात कुठून केली हे बघायचं खूप दिवस डोक्यात होतं. 'मास्क्स' ही तिची पहिली कादंबरी, १९९३ ची. मी वाचली ती २०१० ची आवृत्ती, तिनेच थोडी डागडुजी करून परत काढलेली.

पहिली पन्नास पानं लोकलमध्ये वाचू नका एवढं आधीच सांगते. घणसोली ते ठाणे जेमतेम पाव तास, त्यात राज्यांची नावं, जादूचे प्रकार, कोण कोणाचा राजा हे सगळं एकदम अंगावर येतं, मी तीन दिवस रोज मागे जाऊन तीच पानं वाचत होते. मग रविवारी बाहेर धो धो पाऊस, घरी सलग बसले आणि गाडी रुळावर आली ती आलीच.

अरालॉर्न ही हेर आहे, आई रूप बदलणाऱ्या लोकांपैकी आणि वडील साधे माणूस, मोठे सरदार. आपल्याकडे इच्छाधारी म्हटलं की नागीण, सूड, डोळे चमकतात वगैरे, इथे तसं काहीच नाही. ही बाई उंदीर होते! वाघबिघ नाही, कोणाचं लक्ष जाणार नाही असा उंदीर, कारण तिला माहिती काढून जिवंत परत यायचंय. लहानपणी आमच्या कळव्याच्या चाळीत बहुरूपी यायचा, पोलिसाचा ड्रेस घालून दारात असा दरडावायचा की आई क्षणभर खरंच घाबरायची, आणि आमची आजी म्हणायची अरे त्याची चाल बघा, चाल पोलिसाची आहे. अरालॉर्न वाचताना मला तो सारखा आठवला, कारण तिची खरी कला जादूत कमी आणि ती चाल उचलण्यात जास्त आहे. पुस्तकाचं नावच मुखवट्यांवरून आहे आणि ते नुसतं शोभेला नाहीये, तिच्याबरोबर जो वुल्फ नावाचा लांडगा असतो तोही नुसता लांडगा नाही, यापुढे मी सांगणार नाही.

पण ज्याच्यासाठी हे पुस्तक वाचावं तो म्हणजे व्हिलन. एमॅजाय, सगळ्या जादूगारांचा प्रमुख, देखणा, मृदू बोलणारा, आणि त्याने जादू अशी करून ठेवलीय की लोक त्याच्यावर जीव टाकतात. त्याने समोर काहीही क्रूर केलं तरी बघणाऱ्याला तो चांगलाच वाटतो. अरालॉर्न त्याच्या किल्ल्यात कैदेत असते तेव्हा तिच्याही मनात ते प्रेम शिरायला लागतं आणि तिला कळत असतं की हे आपलं नाही, बाहेरून आलंय. ते वाचताना मला अक्षरशः कसंतरी झालं. त्याने तयार केलेले उरिया नावाचे अर्धवट मेलेले राक्षस आहेत, भयानक आहेत, पण त्यांची मला तेवढी भीती नाही वाटली जेवढी त्याच्या त्या गोड आवाजाची.

मधला डोंगरातल्या गुहांचा भाग माझा सगळ्यात लाडका. मायर नावाचा तरुण राजा, त्याच्यावर जादूच चालत नाही, तो पळून आलेल्या लोकांना घेऊन तिथे तळ ठोकतो, आणि वुल्फची तिथे पुस्तकांनी भरलेली गुहा आहे. एमॅजायला हरवायचा उपाय शोधायला अरालॉर्न जुन्या गोष्टी चाळत बसते, मंत्रांची पुस्तकं नाही हां, गोष्टी! आपल्या कहाण्यांमध्ये कसं, उतू नकोस मातू नकोस म्हणत म्हणत कोणीतरी खरी गोष्ट लपवून ठेवलेली असते, तसं. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, ते १८९३ सालचं, बाबांच्या कार्डावर पुस्तकं घ्यायला जायचे ते दिवस आठवले, कपाटाजवळ उभ्या उभ्याच अर्धं पुस्तक संपायचं.

आता कच्चं काय ते पण सांगते. तळावरची माणसं नुसती नावं राहतात, एकदोन सोडले तर कोणी लक्षात राहत नाही. एकाच प्रसंगात कोणाच्या डोक्यातून बघतोय ते मधेच बदलतं. आणि शेवट फारच घाईत उरकलाय, एवढा व्हिलन उभा केला तर त्याला अजून तीसचाळीस पानं द्यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. छळाचे प्रसंग आहेत, त्यामुळे शाळकरी मुलांना देऊ नका. पण अरालॉर्न आणि वुल्फचं बोलणं, ती बडबडी आणि तो एका वाक्यात उत्तर देणारा, ते इतकं जिवंत आहे की पुढे मर्सी कुठून आली ते तिथेच दिसतं.

पाचपैकी साडेतीन. पुढचा भाग 'वुल्फ्सबेन' थेट २०१० ला आला, तो कालच सुरू केलाय, वडील गेल्याचा निरोप आलाय आणि अरालॉर्न कितीतरी वर्षांनी माहेरी निघालीय.