कागदी टोप्या, डोक्यावर घालायच्या : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ओरिगामी नव्याने शिकणारे बहुतेक जण १५ सेंटिमीटरच्या रंगीत चौकोनी कागदांचं पाकीट घेतात. शिकायला ते अगदी योग्य आहे. पण त्या कागदाची टोपी होते ती बाहुलीची, आणि डोक्यावर बसेल अशी टोपी करायला घेतली की लोक तिथेच अडकतात. महिनोन्‌महिने वेगवेगळे कागद आणि तीन-चार प्रकारच्या टोप्या वापरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे : घड्या हा सोपा भाग आहे. टोपी बसते की घसरते, हे पहिली घडी घालण्याआधीच, माप आणि कागद निवडताना ठरलेलं असतं.

आधी डोकं मोजा. मापाची फीत भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. मोठ्यांचा घेर साधारण ५४ ते ६० सेंटिमीटर येतो, शाळेतल्या लहान मुलांचा ५० ते ५३. त्यात दीड-दोन सेंटिमीटर वाढवा, कारण कापडासारखा कागद ताणला जात नाही. नेमक्या मापाची टोपी थोडा वेळ बरी वाटते, मग कपाळावर रुतते आणि शेवटी बाजूच्या घडीवर फाटते.

नेहमीची त्रिकोणी टोपी, म्हणजे जिची पुढे होडी होते ती, हिशोबाला सगळ्यात सरळ. आयताकृती कागद लांब बाजूच्या मध्यावर दुमडायचा, वरचे दोन्ही कोपरे मध्यरेषेवर आणायचे, खाली उरलेल्या पट्ट्या पुढून-मागून वर घ्यायच्या. घेर येतो कागदाच्या आखूड बाजूच्या दुप्पट. ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद, म्हणून घेर ४२. ए३ ची आखूड बाजू २९.७, घेर ५९.४, म्हणजे बहुतेक मोठ्या माणसांना चालेल. ए२ चा घेर ८४ होतो आणि टोपी नाकापर्यंत येते. मोठा कागद घेतला की टोपी चांगली होते हा समज इथे चुकीचा ठरतो.

ए३ च्या टोपीची खरी अडचण वेगळी आहे : ती डोक्यात शिरत नाही, टाळूवर टेकून राहते. त्रिकोणाखाली सुमारे ६ सेंटिमीटरची पट्टी उरते आणि सवयीने आपण ती सगळी वर दुमडतो. त्याऐवजी पट्टी निम्मीच दुमडली, म्हणजे तिची खालची कड त्रिकोणाच्या पायाशी आणून थांबवली, तर टोपी ३ सेंटिमीटर खोल होते. घेर तोच राहतो आणि डोक्यावरची पकड बरीच सुधारते. मात्र मग कोपऱ्यांच्या त्रिकोणी घड्या पट्टीखाली दाबल्या जात नाहीत, म्हणून त्यांच्याखाली थेंबभर डिंक लावावा लागतो. डिंक म्हणजे ओरिगामी नव्हे असं म्हणणारे भेटतील. घालायच्या टोपीला मी तो नियम लावत नाही.

आता काबुतो, म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण. जपानमध्ये ५ मे हा बालदिन असतो आणि त्या सुमारास मुलं वर्तमानपत्राच्या मोठ्या चौकोनातून हे शिरस्त्राण करून डोक्यावर घालतात. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला नमुना मला माहीत नाही. जेमतेम दहा घड्या आहेत, पण प्रत्येक घडीची चूक पुढच्या घडीत दिसते.

चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करा. लांब बाजू वर ठेवा, टोक खाली. लांब बाजूची दोन्ही टोकं खालच्या टोकावर आणा, म्हणजे टोकावर उभा असलेला लहान चौकोन मिळतो. वर आलेल्या दोन्ही पाकळ्या खालून उचलून चौकोनाच्या वरच्या टोकाशी न्या. मग त्यांची टोकं बाहेर तिरकी वळवा, ही शिंगं. आता खाली दोन सुटे थर राहतात. पुढचा थर वर दुमडायचा, पण मधल्या आडव्या रेषेवर नाही, तिच्या सुमारे ३ सेंटिमीटर खाली. उरलेली ३ सेंटिमीटरची पट्टी त्या आडव्या रेषेवर पुन्हा वर घेतली की कपाळावरची कड तयार होते. मागचा थर आत सारता येतो. आत सारला तर मागची बाजू ताठ राहते, खाली लोंबता ठेवला तर मान झाकते.

मापाचा हिशोब असा : घेर येतो चौकोनाच्या बाजूच्या १.४ पट. पाकिटातला १५ सेंटिमीटरचा कागद २१ चा घेर देतो. ए३ मधून कापलेला चौकोन ४२ चा देतो, म्हणजे ज्या कागदातून मोठ्या माणसाची त्रिकोणी टोपी झाली, त्याच कागदातून काबुतो मात्र बाहुल्याचाच होतो. ५६ च्या डोक्याला हिशोबाने ४० सेंटिमीटरचा चौकोन पुरतो, पण त्यावर थांबू नका. ही टोपी वरच्या टोकाकडे ४५ अंशांत निमुळती होते, त्यामुळे घेर जुळला तरी डोकं आत जात नाही. हिशोबाने आलेल्या बाजूत १० सेंटिमीटर वाढवा. मोठ्यांसाठी ५० चा चौकोन छान बसतो, लहान मुलांसाठी ए२ मधून निघणारा ४२ चा कसाबसा आणि ४५-४६ चा नीट.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त पहिल्याच घडीत. कर्णाची घडी टोकाशी दोन मिलिमीटर सरकली की लहान चौकोनाच्या टोकाला फट पडते आणि तीच फट शिंगांपर्यंत जाते. मोठ्या कागदावर हे जास्त होतं, कारण दोन्ही कोपरे एका वेळी हातात धरता येत नाहीत. कागद सपाट टेबलावर किंवा जमिनीवर ठेवा, जुळवलेल्या कोपऱ्यावर जड पुस्तक ठेवा आणि घडी मधून बाहेरच्या दिशेने दाबत न्या. टोकाकडून सुरुवात केली तर मध्ये हवा अडकते आणि कागद तिरका सरकतो. कडा जुळल्याची खात्री होईपर्यंत नख फिरवायचं नाही. एकदा बसलेली चुकीची घडी कागद विसरत नाही, नवी घडी परत परत जुन्या रेषेवर घसरते.

दुसरी जागा शिंगांची. तिथे टेकवायला कुठलीच खूण नसते, अंदाजाने वळवायचं असतं, म्हणून नवशिक्याची शिंगं हमखास एक वर, एक खाली होतात. एक शिंग वळवून त्याच्या टोकाचं मध्यरेषेपासूनचं अंतर मोजा, दुसऱ्या बाजूला तेवढ्यावर चिमटीने बारीक खूण करा, मग वळवा. शिंगांच्या मुळाशी कागदाचे ८ थर येतात. ११०-१२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) जाड कागद इथे दाद देत नाही आणि शिंगं हळूहळू पुढे उघडून येतात.

तिसरी टोपी छापखान्यातल्या कामगारांची. शाई आणि कागदाची धूळ केसांत जाऊ नये म्हणून ते वर्तमानपत्राचीच चौकोनी टोपी घडवत. रोज घालायच्या दृष्टीने माझी पहिली पसंती हिलाच, कारण मधल्या एका घडीत हिचा घेर हवा तसा ठरवता येतो, आणि डिंकाशिवाय सगळं एकमेकांत अडकतं.

मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राची दोन पूर्ण उघडी पानं एकावर एक घ्या, मधल्या घडीवर दुमडा आणि ती घडी वरच्या बाजूला ठेवा. वरचे कोपरे मध्यरेषेवर आणा. पुढची खालची पट्टी आधी निम्मी आणि मग पुन्हा एकदा वर दुमडा. आता सगळं पालथं करा. डावी-उजवी बाजू आत दुमडा, आणि इथे माप लावा : उरलेली रुंदी म्हणजे डोक्याचा घेर अधिक दोन सेंटिमीटर, भागिले दोन. ५६ च्या डोक्याला २९. खाली लोंबणाऱ्या पट्टीचे कोपरे आत घेऊन ती वर दुमडा आणि बाजूंबरोबर मागे वळून आलेल्या पट्टीत खोचा. वरचं टोक खाली आणून त्याच पट्टीत खोचा. मग टोपी खालून उघडून दुसऱ्या दिशेने सपाट करा. दोन नवी टोकं तयार होतील, तीही मध्याकडे आणून पट्टीत खोचायची. पुन्हा उघडलीत की सपाट माथ्याची चौकोनी टोपी हातात येते.

इथे नेहमीची चूक खोचण्यात होते. टोक पट्टीच्या तळापर्यंत पोचलं नाही तर घातल्यावर सुटून वर येतं. टोक लांब असेल तर ते चुरगळून कोंबू नका, आधी दुमडून आखूड करा. एकच पान वापरलं तर माथा खचतो, तीन घेतली तर खोचताना पट्टी फाटते. दोन हे प्रमाण बरोबर आहे.

वर्तमानपत्राबद्दल दोन तक्रारी राहतातच. त्याची शाई बऱ्याचदा उष्णतेने वाळवलेली नसते, ती फक्त कागदात मुरलेली असते, त्यामुळे घामाने कपाळावर उतरते. आतून टिश्यू पेपरची ४ सेंटिमीटरची पट्टी ठेवली की हा प्रश्न संपतो. दुसरं म्हणजे त्याच्या कडा. दोन बाजूंना बारीक दाते असतात आणि तिथे कडा जुळवणं कठीण जातं. काबुतोसाठी चौकोन कापताना या कडा आधी मोजपट्टी लावून कापून टाका.

कागदांविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण टिकण्यातला फरक इथेच पडतो. वर्तमानपत्राचा कागद साधारण ४५ जीएसएमचा, घडी पटकन घेतो, पण दमट हवेत मऊ पडतो. शिवाय लाकडातलं लिग्निन त्यात राहिलेलं असतं, म्हणून उन्हात पिवळा होऊन ठिसूळ होतो. सरावाला उत्तम, ठेवायच्या टोपीला नाही. झेरॉक्सचा ७०-८० जीएसएमचा कागद त्रिकोणी टोपीला ठीक आहे, पण त्याच जागी वारंवार घडी पडली की लवकर उलतो. चकचकीत मासिकाचा कागद दिसायला छान, पण त्यावरचा लेप घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ उमटते. कार्डशीट तर विसराच.

सगळ्यात जास्त वेळ टिकला तो ७०-८० जीएसएमचा ब्राउन पेपर. त्याचे तंतू लांब असतात, म्हणून पुन्हा पुन्हा घातल्या-काढल्यावरही घडीवर तो फाटत नाही. गुंडाळीतून घेतला तर त्याला बाक असतो. आतली, म्हणजे पोकळ बाजू टोपीच्या आत येईल असा ठेवा. तो बाक मग डोक्याच्या गोलाईला मदतच करतो.

कागदाच्या तंतूंना दिशा असते, आणि नवशिक्यांना हे कोणी सांगत नाही. कागद न दुमडता हलकेच वाकवून पाहा, आधी आडवा, मग उभा. ज्या बाजूने सहज वाकतो, तिथे बाकाची रेषा तंतूंच्या दिशेने जाते. त्या रेषेत घडी स्वच्छ येते, आडवी घातली तर किंचित खडबडीत. काबुतोत पहिली घडीच तिरकी असल्यामुळे फारसा फरक पडत नाही. मुकुटात मात्र पडतो.

मुकुट सुट्या तुकड्यांचा असतो, आणि पाकिटातल्या १५ सेंटिमीटरच्या कागदांचा डोक्यावर उपयोग होतो तो इथेच. प्रत्येक चौकोनाची मधली उभी घडी पाडून उघडा, वरचे कोपरे मध्यरेषेवर आणा, खालची कड त्रिकोणाच्या पायापर्यंत वर घ्या आणि ती दुहेरी पट्टी पुन्हा त्रिकोणावर दुमडा. एका तुकड्याची बाजू दुसऱ्याच्या पट्टीत निम्म्यापर्यंत सरकवायची. प्रत्येक तुकडा घेरात ७.५ सेंटिमीटर भर घालतो, म्हणजे ८ तुकड्यांचा घेर ६०. डोकं ५६ चं असेल आणि २ सेंटिमीटर मोकळीक हवी असेल, तर प्रत्येक सांध्यात तुकडा अडीच मिलिमीटर जास्त आत सरकवला की पुरे. तंतू उभे येतील असे कागद लावले तर मुकुट गोल वळतो. आडवे आले तर प्रत्येक तुकडा सपाट राहतो आणि आठ कोनांची पेटी झाल्यासारखं दिसतं. सांधे घालताना-काढताना सरकतात, म्हणून माप जुळल्यावर प्रत्येक सांध्यात आतून चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा.

शिकण्याच्या क्रमाबद्दल विचाराल, तर प्रत्येक टोपी आधी लहान कागदावर दोनदा करा, मगच मोठा कागद काढा. व्हिडिओ पाहून पटकन जमतं, पण हात दिसतात आणि कडा झाकल्या जातात, त्यामुळे कोणता थर उचलला हे कळत नाही. आकृत्या वाचायला शिकणं जास्त उपयोगाचं. तुटक रेघ म्हणजे व्हॅली फोल्ड, घडी आपल्याकडे. रेघ आणि ठिपके म्हणजे माउंटन फोल्ड, घडी मागे. या खुणांची पद्धत जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी घडवली आणि जगभर तीच चालते. ओलसर कागदाला आकार देण्याचं तंत्रही त्यांचंच. १०० जीएसएमच्या पुढच्या कागदाच्या टोपीची कड वळवायला ते उपयोगी पडतं : पिळून काढलेलं ओलं फडकं कडेवरून एकदा फिरवा, हवा तो बाक द्या, पेपर क्लिप लावून पूर्ण वाळू द्या. वर्तमानपत्रावर हे करू नका, लगदा हातात येईल.

टोप्या ठेवताना काबुतो आणि त्रिकोणी टोपी सपाट करून पुस्तकाखाली ठेवता येतात. छापखान्याची टोपी सपाट केली की खोचलेली टोकं निघतात, तिच्यात कागदाचा बोळा भरून उभी ठेवा. बाजूच्या टोकाशी फाटायला लागलं तर चिकटपट्टी आतून लावा, आणि घडीच्या रेषेत न लावता रेषेला आडवी लावा, नाहीतर पुढची चीर पट्टीच्या कडेनेच जाते.